घाटमाथ्यावरचं घर: खिडकीला एक काच, दोन काचा की नुसती मोठी वळचण?

केळघरकर | १२ जानेवारी

मंडळी, राम राम. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मेढ्याहून केळघर घाट चढून महाबळेश्वरकडे निघालं की वर आमची वाडी लागते. फोन उंची १,२८० मीटर दाखवतो. आजोबांचं घर २०२१ च्या जुलैत गेलं. त्या पावसात महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर नोंदला होता. आमच्या वाडीत मोजायला कोण बसलंय, पण सकाळी बघतोय तर पश्चिमेची भिंत जमिनीवर. माणसं आदल्या दिवशीच चुलत्यांकडं हलवली होती, म्हणून निभावलं.

आता त्याच जोत्यावर जांभ्यात घर बांधतोय. भिंती झाल्या, खिडक्यांची भगदाडं तयार आहेत. सहा आहेत, प्रत्येक पाच बाय चार फुटांची. दोन पश्चिमेला दरीकडं, दोन दक्षिणेला, एक पूर्वेला, एक स्वयंपाकघराची उत्तरेला. दोन कोटेशनं आलीत. पहिलं ॲल्युमिनियम स्लायडिंगचं, पाच मिमी साधी काच. दुसरं यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं, ओपनेबल, आत डबल काच, वर लो-ई कोटिंग (उष्णता परतवणारा पातळ थर) आणि मध्ये आर्गॉन वायू. काच पुण्यात बनून येणार. दुसरं पहिल्याच्या अडीचपट आहे. आणि आमचे एक पाहुणे मनालीला घर बांधतायत, ते म्हणतात तीन काचांशिवाय बोलूच नकोस.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि थंडीचं तिला फार होतं. डबल काचेला पैसे घालावेत का, की पावसासाठी तीन फुटी छज्जा काढणार आहे तेवढाच पुरे?

वाईचा_वाटाड्या | १२ जानेवारी

पाच फुटी खिडकी दरीकडं, आणि जून ते सप्टेंबर समोर नुसता ढग. एवढ्या पैशात भिंतीला पांढरा रंग दिला तरी तोच व्ह्यू. असो, शेंगा घेऊन बसलोय, चालू द्या.

पागोळी | १२ जानेवारी

वाटाड्या, गप बसा हो. माणूस कामाचं विचारतोय.

केळघरकर दादा, आमच्या महाबळेश्वरला चार खोल्या आहेत, पाहुण्यांना देतो. तुमच्या पहिल्या कोटेशनचा अनुभव सांगते, म्हणजे ते बाजूलाच ठेवाल. आम्ही सगळीकडं दोन ट्रॅकचं स्लायडिंग बसवलं होतं. एका फॅब्रिकेटरनं सांगितलं, ट्रॅकला भोकं असतात, पाणी आपोआप बाहेर जातं. पहिल्याच जुलैत रात्री दोनला दारावर थाप. "मावशी, खिडकीतून नळ सुटलाय." जाऊन बघते तर ट्रॅक काठोकाठ भरलेला आणि त्यात पाणी खदखदतंय, चुलीवर आधण ठेवल्यासारखं! पाणी बाहेर जायच्या भोकांतून वाराच आत घुसत होता, आणि पाणी वर उसळून गादीवर. हात लावून पाहिला, बर्फासारखा गार झोत. सकाळपर्यंत चार टॉवेल आणि एक जुनी चादर पिळून काढली.

आमच्या शेजारच्या आजी दर मे महिन्यात घराच्या पश्चिम अंगाला गवताच्या ताट्या बांधून घेतात. आधी मला वाटायचं जुनी सवय आहे. त्या पावसाळ्यानंतर आम्हीही दोन बांधल्या.

आणि माकडं! स्लायडिंग सरकवून आत येतात. कडी नसली तर पाच मिनिटांत फ्रिज उघडतात. हे कोणताच कोटेशनवाला सांगत नाही.

शून्यलब्धी | १३ जानेवारी

पागोळीताईंच्या ट्रॅकमध्ये नेमकं काय झालं याचं गणित सोपं आहे. ताशी ७२ किलोमीटरचा वारा सरळ भिंतीवर आपटला तर दाब सुमारे २०० पास्कल होतो. २०० पास्कल म्हणजे पाण्याचा वीस मिलिमीटर उंचीचा स्तंभ. ट्रॅकची आतली कड त्याहून बुटकी असेल तर पाणी आत येणारच, भोकं दोन असोत की दहा. कोपऱ्यात, दरीच्या तोंडाशी झोत आणखी वाढतो. म्हणून पश्चिमेला स्लायडिंग नको. ओपनेबल खिडकीची झडप रबरावर दाबली जाते, बाहेरून वारा जेवढा रेटेल तेवढी ती घट्ट बसते, फटीला हवेचा रस्ताच उरत नाही. मात्र झडपेला कडी एकाच जागी नको. तीन-चार ठिकाणी दाबणारी हवी, नाहीतर खालचा कोपरा फाकतो.

आता थंडीचं. साध्या एका काचेतून दर चौरस मीटरला, आत-बाहेर एक अंश फरक असेल तर सुमारे ५.७ वॅट उष्णता जाते. दोन काचा, मध्ये १२ मिमी हवा, असं असेल तर २.८ च्या आसपास. लो-ई लावलं की १.८ च्या आगेमागे. तुमच्या सहा खिडक्या मिळून ११ चौरस मीटर. रात्री बाहेर ८, आत २० अंश ठेवले असं धरू. एका काचेवरून साध्या डबल काचेवर गेलात तर वाचतात साधारण ३८० वॅट. दहा तासांच्या रात्रीला पावणेचार युनिट, नव्वद रात्रींचे साडेतीनशेच्या आत. तुमच्या बिलातल्या दरानं गुणून बघा आणि दोन कोटेशनांमधल्या फरकानं भागा.

आणि हे सगळं तुम्ही रात्रभर हीटर लावून आत २० अंश ठेवणार असाल तरच. घोंगडी घेऊन झोपणार असाल तर वाचवायला काही नाहीच.

केळघरकर | १३ जानेवारी

म्हणजे डबल काच नको असंच ना?

शून्यलब्धी | १३ जानेवारी

बिलासाठी नको. पण आणखी एक बाजू आहे. खोलीत २० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर साधारण १४ अंशांना दव धरतं. बाहेर ८ असताना एकेरी काचेची आतली बाजू ११ वर उतरते, म्हणजे सकाळी काचेवरून पाणी ओघळून चौकटीत. डबल काचेची आतली बाजू साडेपंधराला राहते, कोरडी. आणि उबदार खोलीत गार काचेजवळ बसलेल्या माणसाला थंडी जास्त वाजते, हवा तीच असली तरी. आई जिथं बसणार, झोपणार तिथं डबल काच आणि बाकीकडं साधी, असं मी केलं असतं.

काचवाला_कराड | १४ जानेवारी

पुण्यात काच प्रोसेसिंगमध्ये अकरा वर्षं आहे, गाव कराड. कोटेशन वाचून दोन गोष्टी खटकल्या, म्हणून लॉगिन झालो.

पसरणी घाट चढताना वेफर्सची पिशवी टम्म फुगते ना? डबल काचेचं युनिट म्हणजे तीच पिशवी, फक्त काचेची. पुणे ५६० मीटरवर. तिथं सीलबंद केलेली हवा १,३०० मीटरच्या आसपास नेली की बाहेरचा दाब जवळजवळ नऊ टक्क्यांनी उतरतो, आतली हवा तेवढीच फुगायला बघते. १२ मिमीची पोकळी सरासरी एक मिमीच्या वर जाड होणार. मोठी काच वाकून ते सामावून घेते. प्रतिबिंब जरा लंबगोल दिसतं, एवढंच. पण अरुंद, छोट्या काचा, म्हणजे तुमच्या बाथरूमची झरोकेवजा खिडकी, वाकायलाच मागत नाहीत. तिथं सगळा ताण कडेच्या सीलवर येतो.

त्यात गंमत अशी. मेमध्ये पुण्यात ३५ अंशाला बंद केलेली हवा डिसेंबरच्या रात्री ८ अंशाला पुन्हा जवळजवळ नऊ टक्के आकसते. रात्री काच सपाट, दुपारी ऊन लागलं की फुगीर. दररोज असा श्वास. स्वस्त सील या श्वासानं चार-दोन वर्षांत थकतं, मग बाहेरची दमट हवा आत शिरते. कडेच्या पट्टीत, म्हणजे स्पेसरमध्ये, ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. ते एकदा तृप्त झाले की दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं. ते धुकं कुठूनही पुसता येत नाही. युनिटच बदलायचं.

त्यामुळं विचारा: बाहेरचं सील दुहेरी आहे का, आत ब्युटाइल आणि बाहेर सिलिकॉन किंवा पॉलिसल्फाइड? उंची सांगितली का? फार उंचावरच्या कामाला युनिटमध्ये केसासारखी बारीक नळी सोडतात, वर पोचल्यावर दाब सारखा होतो. पण नळी उघडी असली की आर्गॉन राहत नाही, तिथं आर्गॉनचे पैसे वाया. तुमच्या उंचीला नळी लागेलच असं नाही. पोकळी १२ ऐवजी ८ किंवा १० घ्या, फुगायला मालच कमी. आर्गॉन सोडून द्या.

लो-ईचं म्हणाल तर कोटिंग दोन काचांच्या चार पृष्ठांपैकी नेमक्या कोणत्यावर आहे ते लेखी घ्या. बाहेरून मोजलं तर दुसऱ्या पृष्ठावर असलं की ऊन जास्त परतवतं, तिसऱ्यावर असलं की हिवाळ्याचं ऊन जास्त आत घेतं. पुण्याच्या ऑफिसांना दुसऱ्यावर देतात. तुमच्या आईच्या खोलीला तिसऱ्यावर हवं. कारखान्यात सांगितलं नाही तर सवयीनं दुसऱ्यावरच येणार.

वाईचा_वाटाड्या | १४ जानेवारी

शेंगा बाजूला ठेवल्या. वाखूसा (वाचनखूण साठवली).

फौजी_आप्पा | १५ जानेवारी

जय हिंद. साताऱ्याजवळच्या मिलिटरी गावचा माणूस. लेहला दोन टेन्युअर काढले, म्हणून त्या मनालीवाल्या पाहुण्यांचं बोलतो.

लेह ३,५०० मीटर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्के. काचवाले साहेबांची पिशवी तिथं चंदीगडहून नेली तर आतली हवा दीडपट व्हायला बघते. तिथं नळीशिवाय डबल काच नेणं म्हणजे वेडेपणा. आमच्या एका बॅरेकमध्ये आलेली दोन युनिटं क्रेटमध्येच तडकलेली निघाली.

पण लेहची खरी शिकवण काचेत नाही, दिशेत आहे. लडाखी माणूस दक्षिणेला सगळी काच लावतो. शेलखांग म्हणतात त्या काचेच्या खोलीला. उत्तरेला जाड भिंत, खिडकी नावाला. थंडीत दक्षिणेवर बाहेरून प्लॅस्टिकचा पडदा ताणतात, दुपारी आत बनियनवर बसता येतं, बाहेर शून्याखाली. वर्षभरात पाऊस शंभर मिमीच्या आसपास. तेवढा आपल्याकडं जुलैत एका दुपारी पडतो. म्हणून त्याची खिडकी आपल्याला जशीच्या तशी चालत नाही. मनालीवाल्यांना सांगा, तुमचं तुम्हाला बरोबर, आमचं आम्हाला.

एक गोष्ट मात्र लेह आणि महाबळेश्वर दोन्हीकडं सारखी. खिडक्या घट्ट केल्यात की बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवायची नाही. बुखारीची, म्हणजे खोली गरम करायच्या तिथल्या बंद चुलीची, धुराची नळी तुंबून माणसं झोपेत गेलेली मी पाहिली आहेत. आई थंडी वाजते म्हणून शेगडी मागेल, द्यायची नाही.

केळघरकर | १५ जानेवारी

आप्पा, अंगावर काटा आला. आमच्याकडं थंडीत शेगडी असतेच. हे लक्षात आणून दिलंत. दक्षिणेच्या दोन खिडक्या मोठ्या करू का मग?

शून्यलब्धी | १६ जानेवारी

थांबा. लेहला डिसेंबरात भर दुपारी सूर्य ३२ अंशांवर असतो, तिरकं ऊन खोलीत खोल जातं. आपण १८ अक्षांशाच्या जरा अलीकडं, आपल्याकडं तो ४९ अंशांवर. पावसासाठी तुम्ही तीन फुटी छज्जा काढणार, त्याची सावली दुपारी तीन फुटांपेक्षा जास्त खाली येते. चार फुटांच्या खिडकीत उरलं किती? खालची पट्टी. म्हणून दक्षिणेपेक्षा पूर्वेचं, सकाळचं तिरकं ऊन आपल्याला जास्त उपयोगी. आईची खोली पूर्वेला घेता येते का बघा. पाऊसही त्या अंगाला सगळ्यात कमी झोडतो.

आणखी एक. घरं बांधण्यासाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता (ऊर्जा वाचवणाऱ्या घरांचे सरकारी नियम) आली. तिच्यात उघडता येणाऱ्या खिडक्यांचं चटईक्षेत्राशी किमान प्रमाण दिलंय: थंड पट्ट्याला ८.३३ टक्के, उष्ण-दमट पट्ट्याला १६.६६. दुप्पट. तुमची वाडी जानेवारीत पहिल्यात बसते आणि ऑगस्टात भिंतीला बुरशी आली की दुसऱ्यात. सगळ्या काचा फिक्स करून टाकू नका.

चाळकेवाडी | १६ जानेवारी

आमच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. आमचा अनुभव एका ओळीत: काचेतून थंडी येते त्याच्या दुप्पट फटीतून येते. खिडकी बसवली की बंद करताना झडपेत वहीचा कागद धरायचा आणि ओढायचा. सहज निघाला तर तिथं रबर दाबत नाही. चारही बाजूंनी फिरवा. मिस्त्री निघून जायच्या आत करा, पैसे देण्याच्या आत करा.

रंधा | १८ जानेवारी

वडील मिरजेचे सुतार, मी पण त्यातच. तुम्ही सगळे काचेचंच बोलताय राव. पाणी काचेतनं येत नाही, चौकट आणि जांभ्याच्या मधनं येतं.

जांभा छिद्राळ. बाहेरनं झोडला की तो स्वतःच पाणी पितो आणि चौकटीमागनं आत सोडतो. चौकटीच्या भोवतीची फट फोमनं भरली, वरनं सिलिकॉन फिरवलं, झालं, असं मिस्त्री म्हणणार. त्याला म्हणा, आधी भगदाडाच्या आतल्या चारी कडांना गिलावा आणि वॉटरप्रूफिंग, मग चौकट. चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लावू नका, आत ढकला, निदान चार बोटं. खालच्या फरशीला बाहेर उतार द्या आणि फरशी भिंतीच्या पुढं दोन बोटं काढा, तिच्या बुडाला खाच मारा. छज्ज्याच्या बुडालाही तशीच. त्या खाचेवर थेंब तुटतो आणि खाली पडतो. खाच नसली की थेंब छज्ज्याच्या बुडाला चिकटून उलटा चालत खिडकीपर्यंत येतो. हे आमचा बाप कंदील धरून दाखवायचा.

यूपीव्हीसी घ्या, पण आत लोखंडी सेक्शन घातलेला आहे का ते कापलेला तुकडा मागून बघा. नुसत्या पोकळ प्लॅस्टिकची पाच फुटी झडप दोन पावसाळ्यांत लोंबते. ॲल्युमिनियम मजबूत, पण उष्णता सरळ आरपार सोडतो, थंडीत चौकटीलाच घाम फुटतो. जुनं सागवान असेल घरातलं तर मला कळवा, फुकट टाकू नका.

केळघरकर | १९ जानेवारी

रंधाभाऊ, जुन्या घराच्या सागवानी चौकटी पडवीत झाकून ठेवल्यात! एक चांगली आहे.

ठरवलं ते असं. पश्चिमेच्या खिडक्या पाच बाय चारच्या दोन बाय तीन केल्या, एकेरी सहा मिमी टफन, ओपनेबल, आतून गज. वाटाड्या, ढग तेवढ्यातूनही दिसेल. आईची खोली पूर्वेला फिरवली, तिथं आणि दक्षिणेच्या एकीला डबल काच, पोकळी दहाची, तिसऱ्या पृष्ठावर लो-ई, आर्गॉन नाही. दक्षिणेची दुसरी एकेरीच. स्वयंपाकघराला जुनी सागवानी चौकट, साधी काच. फॅब्रिकेटरला कोटिंग कोणत्या पृष्ठावर म्हटल्यावर तो फोनवर क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "सर, आपण काचेतलेच का?"

पागोळी | १९ जानेवारी

दादा, गज आतून घेतलेत ते बरं, बाहेरचे गंजतात. आणि जाळी विसरू नका.

केळघरकर | २६ जुलै

धागा वर काढतोय. गेले अकरा दिवस झड लागलीये, उघडीप नाही. हिशोब देतो.

पश्चिमेच्या दोन्ही खिडक्या कोरड्या. कागदाची परीक्षा घेतली तेव्हा एकीचा खालचा कोपरा सैल निघाला होता, बिजागरी आवळून घेतली. वारा सुटला की बारीक शीळ येते, पण पाणी नाही. आईची खोली पण कोरडी. काच दुपारी खरंच फुगीर दिसते, समोरच्या फणसाचं प्रतिबिंब जरा लंबगोल येतं. काचवाले म्हणाले ते बघायला मी मुद्दाम उभा राहिलो. आईला सांगितलं तर म्हणाली, फुटणार नाही ना, एवढं बघ.

बिघडलं ते स्वयंपाकघरात, आणि चूक माझी. ती चौकट बसवताना मी साताऱ्यात कामाला होतो, गवंड्यानं खालच्या फरशीला उतार आत दिला. फार नाही, काडेपेटी ठेवली तर ती आपसूक आत घसरते एवढाच. पण रोज सकाळी ओट्यावर वाटीभर पाणी. तूर्त गोणपाट घातलंय आणि आई त्याला "नवी खिडकी" म्हणते.

रंधाभाऊ, दसऱ्यानंतर चौकट न काढता फरशी बदलता येईल का? की चौकटच काढावी लागेल? सागवान उकलायला जीव होत नाही.

रंधा | २७ जुलै

चौकट राहू दे. फरशी फोडून काढायची, चौकटीच्या बुडाला आधाराला दोन पाचरी. फोटो टाका, आतनं आणि बाहेरनं. काडेपेटी ठेवलेला पण टाका.